किल्ली कुणाच्या कमरेला?

पुण्या-नाशिकची पोरगी गुरुग्रामला किंवा नोएडाला नोकरीला लागली की पेढ्यांच्या मागोमाग घरात काळजीही शिरते. आधी पेपर स्प्रे येतो. मग रात्री घरी पोचेपर्यंत फोनवर लोकेशन चालू ठेवायचं ठरतं. आणि कधीतरी दिल्लीची एखादी बातमी पाहून वडील विचारतात, तिला रीतसर परवाना काढून एखादं छोटं पिस्तूल घेऊन दिलं तर? पर्समध्ये मावेल असं. कुठलं चांगलं?

प्रश्न मायेपोटी आलेला आहे, म्हणून गुळमुळीत उत्तर देणार नाही. घेऊ नका. आणि घ्यायचंच ठरवलं असेल, तर कुठल्या कंपनीचं आणि किती वजनाचं हे नंतर बघू. आधी सांगा, ते ज्या कपाटात राहील त्याची किल्ली कुणाकडे असणार?

हा प्रश्न सरकारनंही विचारला नव्हता. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत चालत्या बसमध्ये एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, लोकांनी तिला ‘निर्भया’ म्हटलं. त्यानंतर दिल्लीत बायकांनी परवान्यासाठी शेकड्यांनी चौकशा केल्या. वर्षभरानं, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यानं खास बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. नाव निर्भयाच्या आठवणीचं. .३२ बोअर, सहा गोळ्या, वजन जेमतेम ५०० ग्रॅम, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, आणि दागिन्यांची असते तशा गडद लाल पेटीत ठेवलेलं. तेव्हाची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये.

त्या किमतीपाशी थांबूया. जिच्या नावानं हे हत्यार विकायला काढलं, तिचे वडील विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करत होते. मुलीच्या शिक्षणासाठी त्यांनी गावची जमीन विकली होती. त्या घरात हे रिव्हॉल्व्हर कधी आलंच नसतं. आणि आलं असतं तरी त्या रात्री काय झालं असतं? सिनेमा पाहून ती मित्राबरोबर साकेतहून निघाली. रिक्षावाले द्वारकेपर्यंत यायला तयार नव्हते. मुनिरकाच्या थांब्यावर एक पांढरी बस आली, त्यात सहा जण होते. त्याच बसमध्ये थोड्या वेळापूर्वी एका सुताराला लुटून रस्त्यावर फेकलं होतं. त्या बसला तसे प्रवासी घ्यायचा परवाना नव्हता. काळ्या काचांची ती बस दक्षिण दिल्लीच्या रस्त्यांवर फिरत राहिली आणि कुणीही ती अडवली नाही. त्या रात्री ज्या गोष्टी कमी पडल्या त्या सगळ्या रस्त्यावरच्या आणि चौकीतल्या होत्या. रिक्षा मिळाली असती, बस अडवली असती, सुताराची तक्रार कुणी त्याच मिनिटाला घेतली असती, तर ती घरी पोचली असती.

मणिपूरच्या बीनालक्ष्मी नेप्राम तेव्हाच हे बोलल्या होत्या. बंदुकीनं ज्यांची घरं उद्ध्वस्त केली त्या बायकांबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. सरकारनंच बाईला बंदूक घ्यायला सांगणं म्हणजे आपलं अपयश कबूल करणं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते शंभर टक्के पटतं. आपल्याकडंही वेगळं झालं नव्हतं. जानेवारी २०१३ मध्ये शिवसेनेनं मुंबईत बायकांना चाकू वाटले. त्याच महिन्याच्या २३ तारखेला न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा, लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांच्या समितीनं अवघ्या महिनाभरात तयार केलेला अहवाल सरकारला दिला. पोलिसांनी कसं वागावं, बस-रिक्षा कशा चालाव्यात, कायदा कुठं तोकडा आहे, हे सगळं त्यात आहे. चाकूंचे फोटो लोकांच्या लक्षात राहिले. अहवाल किती जणांनी उघडला?

आता हत्यार जवळून बघूया, कारण ‘बायकांसाठी हलकं’ या दोन शब्दांत मोठी फसगत आहे.

गोळी तीच, दारू तीच, आणि रिव्हॉल्व्हरचं वजन कमी. मग मागचा धक्का जातो कुठं? तो सगळा मनगटात येतो. जड रिव्हॉल्व्हर धक्का स्वतः पचवतं, हलकं हातावर टाकतं. पहिल्या गोळीनंतर नळी वर उसळते, नेम पुन्हा धरावा लागतो, आणि नवखी व्यक्ती दुसऱ्या गोळीच्या वेळी चाप दाबण्याआधीच दचकून हात झटकते. घोडा आधी मागं ओढलेला नसेल तर चापही जड लागतो. त्याला बोटाच्या पेरात ताकद लागते, आणि ती रोजच्या सरावानंच येते. नळी आखूड म्हणून पुढचा आणि मागचा नेमदर्शक एकमेकांच्या जवळ, त्यामुळं हात केसभर हलला तरी गोळी वीतभर सरकते. थोडक्यात, जे सगळ्यात छोटं ते चालवायला सगळ्यात अवघड. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीनं १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘लेडीस्मिथ’ नावानं बायकांसाठी रिव्हॉल्व्हर काढलं. तेव्हापासून तिथल्या दुकानांत बाई आली की चिमुकलं, नाजूक दिसणारं हत्यार पुढं करायची रीत पडली. तिथल्या नेमबाजी शिकवणाऱ्या बायका तेव्हापासून ओरडून सांगतायत की हाताला बसेल ते द्या, पर्सला बसेल ते नको.

आणि पर्स म्हणजे काय? खांद्याला लटकलेली, चेन लावलेली पिशवी. आत फोन, चार्जर, मेट्रोचं कार्ड, डबा, घराच्या किल्ल्या, कंगवा. हत्यार मोकळं ठेवलं तर कंगव्याचा दातही चापात अडकू शकतो. नीट होल्स्टरमध्ये ठेवलं तर चेन उघडा, होल्स्टर चाचपा, मूठ धरा, बाहेर काढा, आणि हे सगळं कुणीतरी मनगट धरलेलं असताना. दिल्लीत झपटमार म्हणजे दुचाकीवरून येऊन पर्स हिसकावणारे. पर्स गेली की भरलेलं रिव्हॉल्व्हर गेलं. मग पोलिसांत धाव घ्यायची, आणि त्या रिव्हॉल्व्हरनं पुढं काय होईल याचा घोर जन्मभर बाळगायचा.

यंत्रावर तरी किती विसंबायचं? नेमबाज मनू भाकर एनसीआरचीच, म्हणजे दिल्लीच्या राजधानी परिसरातलीच मुलगी, झज्जर जिल्ह्यातल्या गोरिया गावची. जुलै २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ऐन पात्रता फेरीत तिच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. ते हवेवर चालणारं स्पर्धेचं पिस्तूल, उत्तमातलं उत्तम, शेजारी प्रशिक्षक, हातात लाखो वेळा केलेला सराव. अंधाऱ्या सर्व्हिस रोडवर, वर्षातून दोनदा हातात घेतलेल्या रिव्हॉल्व्हरकडून आपण मग कसली खात्री मागतोय?

कायद्याचंही ऐका, कारण एनसीआरमध्ये तो गल्लीगणिक बदलतो. परवाना २१ वर्षांच्या आत मिळत नाही. सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, पोलीस चौकशी होते, धोका नेमका कुणाकडून हे सांगावं लागतं. सर्वसामान्य माणसाला ९ मिलिमीटर किंवा .३८ मिळत नाही, म्हणून सगळे ‘बत्तीस बोअर’वर येतात. त्यातही पिस्तुलाचं बत्तीस वेगळं आणि रिव्हॉल्व्हरचं वेगळं, एकाची काडतुसं दुसऱ्यात चालत नाहीत. हे सगळं पार पडलं की परवान्यावर हद्द लिहिली जाते. गुरुग्रामचा परवाना तेवढ्याच हद्दीचा असेल तर सिरहौलचा नाका ओलांडून द्वारकेच्या खोलीवर परतणारी मुलगी हत्यार पर्समध्ये असताना स्वतःच गुन्हेगार ठरते. नोएडाहून कालिंदी कुंजमार्गे येणारीचं तेच. तीन राज्यांचे पोलीस, तीन ठिकाणचे परवाने, आणि तिचा रोजचा रस्ता मात्र एकच. मेट्रोत तर हत्यार चालतच नाही. दारातच सीआयएसएफची तपासणी असते. मॉलमध्ये पर्स उघडून बघतात, कंपनीच्या फाटकावरही बघतात. म्हणजे सकाळी मेट्रोनं जाणाऱ्या मुलीला रिव्हॉल्व्हर घरीच ठेवावं लागणार.

घरीच. इथं आपण पुन्हा त्या किल्लीपाशी आलो, आणि माझं खरं भांडण इथं आहे.

२ जुलै १९९५. गोल मार्केटजवळचा फ्लॅट. दिल्ली युवक काँग्रेसचा पुढारी सुशील शर्मा यानं नैना साहनीला, स्वतःच्या बायकोला, गोळ्या घातल्या. परवान्याच्या रिव्हॉल्व्हरनं. लोकांना तिचा मृतदेह जाळायला वापरलेला तंदूर आठवतो. अशोक यात्री निवासातलं ते उपाहारगृह आठवतं, कारण ते भयंकर होतं. पण नैनाचा जीव तंदुरानं घेतला नव्हता. सरकारी शिक्क्यानिशी दिलेलं हत्यार त्याच्या घरात होतं, त्यानं घेतला.

२९ एप्रिल १९९९ ची रात्र. मेहरौलीतलं टॅमरिंड कोर्ट. दारू संपलीय म्हणून नाही म्हणणाऱ्या जेसिका लालवर मनू शर्मानं गोळी झाडली. त्याच्या नावावर .२२ पिस्तुलाचा परवाना होता. ते पिस्तूल पोलिसांना कधीच मिळालं नाही.

२०१८ च्या शेवटच्या रात्री फतेहपूर बेरीच्या एका फार्महाऊसवर नव्या वर्षाच्या आनंदात झाडलेली गोळी पार्टीला आलेल्या एका आर्किटेक्ट बाईच्या डोक्यात शिरली. ती वाचली नाही.

आणि १० जुलै २०२५. गुरुग्राममधलं एक दुमजली घर. पंचवीस वर्षांची टेनिसपटू, मुलांना टेनिस शिकवून स्वतःच्या पायावर उभी राहिलेली. ती स्वयंपाकघरात असताना वडिलांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या असं पोलिसांचं म्हणणं आहे. वडिलांना अटक झाली, दोष न्यायालय ठरवेल. रिव्हॉल्व्हर परवान्याचं होतं. बोअर .३२. ‘निर्भीक’चं जे बोअर, तेच.

या चार घटना मी सनसनाटीसाठी मांडत नाही. दिल्लीच्या आसपास अधिकृत बंदूक कुणाच्या हातात असते आणि ती कुणावर रोखली जाते, हे बघा म्हणून मांडतेय. २०१६ च्या अखेरीस देशात साधारण ३३ लाख ७० हजार परवाने होते. त्यातले पावणेतेरा लाखांच्या आसपास एकट्या उत्तर प्रदेशात. हरियाणात एक लाख ४० हजारांवर. महाराष्ट्र लोकसंख्येनं हरियाणाच्या कितीतरी पुढं, आणि परवाने ८४ हजार. नोएडा-गाझियाबाद आणि गुरुग्राम-फरिदाबाद ज्या पट्ट्यात आहेत, तिथं रिव्हॉल्व्हर ही घराण्याची ऐट आहे. ते लग्नात कमरेला लागतं, जमिनीच्या वादात टेबलावर ठेवलं जातं. अशा घरात बाईच्या नावानं परवाना निघाला म्हणून हत्यार बाईचं होत नाही. कितीतरी घरांत जमीन, गाडी, दुकान तिच्याच नावावर असतं, आणि कागद कुणाच्या कपाटात असतात हे सगळ्यांना माहीत असतं.

बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी हेच छापतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, लग्नाचं वचन देणारा, साहेब. त्याच्यावर पर्समधून रिव्हॉल्व्हर काढायचं? कोणत्या क्षणी? चहा देताना, की गाडीत बसताना? अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा शहरांत अभ्यास केला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. छळ करणाऱ्या जोडीदाराच्या हाताशी बंदूक असली की बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो, असं त्यात निघालं. घर तिकडचं असलं तरी कपाट आणि किल्ली यांची गोष्ट इकडचीच आहे.

म्हणजे बाईनं बंदुकीला हात लावू नये असं मी म्हणतेय का? मुळीच नाही. बागपतही एनसीआरमध्येच येतं. तिथल्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर साठी ओलांडल्यावर नातीला शिकवायला म्हणून नेमबाजीच्या रेंजवर गेल्या आणि स्वतःच पिस्तूल चालवायला लागल्या. घुंगट, लांब घागरा, आणि समोर ठेवलेल्या चकतीवर अचूक नेम. जाऊबाई प्रकाशी तोमर त्यांच्या जोडीला. त्यांच्या मागून गावच्या कितीतरी मुली रेंजवर आल्या. चंद्रोदादी एप्रिल २०२१ मध्ये कोविडनं गेल्या. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, आणि तिथं ते जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. या बायकांना पिस्तुलानं काय दिलं? घराबाहेर पडायचं कारण, स्वतःची कमाई, आणि स्वतःच्या हातावरचा विश्वास. त्यासाठी कुणावर गोळी झाडावी लागली नाही. तुमच्या मुलीला बंदुकीची ओढ असेल तर तुघलकाबादची डॉ. कर्णी सिंग रेंज दिल्लीतच आहे. तिथं पाठवा. शिस्त शिकेल, श्वास धरायला शिकेल, आणि खरं हत्यार किती अवघड असतं हेही तिचं तिलाच कळेल.

तरीही एखादीला घ्यावं लागेलच. साक्षीदार असेल, वकील असेल, जमिनीच्या खटल्यात एकटी उभी असेल, आणि धमक्या खऱ्या असतील. तिला अडवणारी मी कोण? फक्त तिनं दुकानात भावाला किंवा नवऱ्याला पुढं करू नये. मूठ स्वतः धरून बघावी. हात सरळ असताना पहिल्या बोटाचं पेर चापावर ताण न देता पोचतं का, हे बघावं. हलक्यापेक्षा थोडं जड घ्यावं. कानपूरच्याच सरकारी कंपनीनं २०२३ मध्ये आणलेलं ‘प्रबल’ सातशे ग्रॅमचं आहे आणि त्याचं काडतुसांचं चाक बाजूला उघडतं, जुन्यासारखं रिव्हॉल्व्हर मोडून काडतुसं भरावी लागत नाहीत. रिकाम्या हत्यारानं रोज घरी, आणि खऱ्या गोळ्यांनी महिन्यातून एकदा तरी रेंजवर सराव जमणार नसेल तर पैसे वाचवावेत. हत्यार पर्समध्ये नको, अंगाला घट्ट बसणाऱ्या, चाप पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये हवं, वरून कपड्यानं झाकलेलं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३८ बलात्कार, अपहरण आणि ॲसिड हल्ल्याच्या वेळी समोरच्याचा जीव जाईपर्यंत स्वसंरक्षणाचा हक्क देतं. पण गरजेपेक्षा जास्त इजा नाही, हेही कायदाच म्हणतो. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली गोळी त्या कलमात बसवणं फार कठीण जातं. आणि घरी एक छोटी पोलादी तिजोरी. किल्ली एकच, आणि ती तिच्याच कमरेला. नवऱ्याला, सासऱ्याला, दिराला हे मान्य नसेल तर त्या घरात हत्यार आणू नये. एवढी एक अट पाळता येत नसेल तर बाकीची निवड करण्यात काही अर्थ नाही.

ज्यांच्याकडं सव्वा लाख नाहीत त्या लाखो मुलींचं काय? त्यांना संध्याकाळी आठनंतरची बस हवी आहे. मेट्रो स्टेशनपासून खोलीपर्यंतच्या रस्त्यावर दिवे हवेत. ११२ लावल्यावर ‘ही हद्द हरियाणाची की दिल्लीची’ हे न विचारता निघणारी गाडी हवी. दिल्लीच्या बसगाड्यांत मार्शल होते, दहा हजारांहून जास्त. नोव्हेंबर २०२३ पासून त्यांना घरी बसवलं. नियमांत त्यांची नेमणूक बसत नव्हती, असं कारण दिलं. मग नियमांत बसतील अशी माणसं लगोलग नेमायला हवी होती. रात्रीच्या बसमध्ये गणवेशातला एक माणूस असणं हे पर्समधल्या रिव्हॉल्व्हरपेक्षा कैक पटीनं उपयोगी आहे, हे त्या बसनं जाणारी कुठलीही मुलगी सांगेल.

आणि जे परवाने आधीच दिलेले आहेत त्यांचं काय? परवाना आता पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाला पोलीस येतात, शेजाऱ्यांना विचारतात, गुन्हे आहेत का बघतात. घरातल्या बाईला, नवरा समोर नसताना, महिला पोलिसानं विचारलंच पाहिजे अशी सक्ती नाही. कॅनडात परवान्याच्या अर्जावेळी सध्याच्या आणि गेल्या दोन वर्षांतल्या जोडीदाराला कळवलं जातं, तिला आक्षेप घेता येतो. आपल्याकडं कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या नियमांत दंडाधिकाऱ्याच्या आदेशानं शस्त्र जप्त करायची तरतूद आहे, पण ती हिंसेत वापरलं गेलेल्या शस्त्रापुरती. शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली परवाना निलंबित करता येतो, तो अधिकारीच ठरवणार. मारहाणीची तक्रार नोंदली त्याच दिवशी त्या घरातलं परवान्याचं हत्यार ठाण्यात जमा झालं पाहिजे. आणि नूतनीकरणाच्या नमुन्यात घरातल्या प्रत्येक सज्ञान बाईच्या स्वतंत्र जबाबाचा रकाना असला पाहिजे. रकान्यासाठी संसदेची वाट बघायला नको. शस्त्र नियम केंद्र सरकार करतं, आणि गृह मंत्रालय एका अधिसूचनेनं तो वाढवू शकतं.